जुनी पिनबॉल मशिनं मोबाइलवर आणताना नेमकं कुठे अडतं?

३० जून २०१८ ही शेवटची तारीख होती. त्यानंतर ‘द पिनबॉल आर्केड’ या ॲपमधली विल्यम्स आणि बॅली या दोन जुन्या अमेरिकन ब्रँडची साठेक मशिनं विक्रीतून काढून टाकण्यात आली. ॲप बंद पडलं नव्हतं, ते बनवणारी फारसाइट स्टुडिओज ही कंपनी बुडाली नव्हती आणि खेळातही काही बिघाड नव्हता. ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांना ती मशिनं खेळता येत राहिली. पण १ जुलैला कोणी नवा माणूस आला असता, तर कितीही पैसे मोजायची तयारी असूनही त्याला ती मिळाली नसती. ऑक्टोबरात त्यांतलीच काही मशिनं बुडापेस्टच्या झेन स्टुडिओज या कंपनीच्या ‘पिनबॉल एफएक्स ३’ मध्ये आली. ती नव्याने बांधलेली होती आणि ती नव्यानेच विकत घ्यावी लागत होती.

तीस वर्षांपूर्वीचा खेळ आजच्या मोबाइलवर आणणं, तेही सगळ्यांच्या राजीखुशीने, इतकं कठीण का असावं? उत्तराचा अर्धा भाग यंत्राच्या पोटात आहे आणि अर्धा करारांच्या कागदात. या दोन भागांचा एकमेकांशी जो संबंध आहे, तो सहसा कोणी समजावून सांगत नाही.

## आधी पिनबॉल म्हणजे काय

महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी खरं पिनबॉल मशीन पाहिलेलं नसतं, पण विंडोज एक्सपीच्या काळात संगणक हाताळलेल्यांना ‘स्पेस कॅडेट’ हा खेळ नक्की आठवत असेल. अवकाशाच्या चित्राचं उतरतं टेबल, उजवीकडून स्प्रिंगच्या दांड्याने सुटणारा चेंडू आणि खाली तो अडवायला दोन हलत्या पट्ट्या. त्या पट्ट्यांना फ्लिपर म्हणतात.

खऱ्या मशीनमध्ये हे सगळं लाकडाचं आणि लोखंडाचं असतं. सुमारे साडेसहा अंश उताराची प्लायवूडची फळी, तिच्यावर २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅम वजनाचा पोलादी चेंडू, रबराची वेटोळी, प्लास्टिकचे चढ, चेंडू लागताच त्याला झटक्याने दूर उडवणारे बंपर, आणि वरून काच. फ्लिपर सगळ्यात आधी १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या मशीनवर आले. तोवर चेंडू सोडला की पुढचं बरंचसं नशिबावर असे. म्हणूनच पिनबॉलला जुगार समजून न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये त्यावर बंदी घातली, ती थेट १९७६ मध्ये उठली.

या धंद्याचं माहेर शिकागो. तिथल्याच विल्यम्सने १९८८ मध्ये बॅलीचा पिनबॉल विभाग विकत घेतला, नव्वदच्या दशकात एकापेक्षा एक मशिनं काढली आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये पिनबॉल बनवणंच बंद केलं. डिजिटल रूपात लोकांना प्रामुख्याने हवी असतात ती याच दशकातली मशिनं.

## मशीनला मेंदू असतो, आणि तो वेगळा काढता येतो

फळीखाली तारांचं जंजाळ असतं आणि मागच्या उभ्या खोक्यात एक छोटा संगणक. विल्यम्सच्या १९९० नंतरच्या मशिनांत हा संगणक मोटोरोलाच्या ६८०९ जातीच्या प्रोसेसरवर चाले. वेग २ मेगाहर्ट्झ. चेंडू कुठे आहे हे त्या मेंदूला दिसत नाही. चेंडू एखाद्या स्विचवरून गेला की तेवढीच खबर त्याला लागते. आठ गुणिले आठ अशा जाळीत हे चौसष्ट स्विच बसवलेले असतात. कोणता दाबला गेला ते पाहून मेंदू ठरवतो की गुण किती द्यायचे, कोणता दिवा लावायचा, कोणत्या कॉइलमध्ये, म्हणजे फ्लिपरसारखे भाग हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात, वीज सोडायची, कोणता आवाज वाजवायचा.

हे सगळे निर्णय ज्या चिपवर कायमचे नोंदलेले असतात तिला रॉम म्हणतात. ‘रॉम’ हा शब्द त्या चिपमधल्या मजकुराच्या नकलेसाठीही वापरतात. आजच्या संगणकावर जुन्या प्रोसेसरचं वागणं हुबेहूब उभं करून त्यावर तो मूळ प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवणं म्हणजे इम्युलेशन. यात नियम नव्याने लिहायचे नसतात. १९९२ मध्ये शिकागोत बसून कोणी लिहिलेली प्रत्येक ओळ, त्यातल्या चुकांसकट, आज पुन्हा चालते.

२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर उभा करणं आजच्या साध्या फोनलाही जड नाही. अडतं ते बारकाव्यांत. उदाहरणार्थ, या मशिनांतले दिवे सलग पेटलेले नसतातच. दिव्यांचीही आठ रांगांची जाळी असते आणि मेंदू एका वेळी एकाच रांगेला वीज देतो, म्हणजे प्रत्येक दिव्याला एकूण वेळेच्या आठव्या भागापुरतीच वीज मिळते. तरी दिवा सलग दिसतो, कारण बल्बमधली तार लगेच थंड होत नाही. इम्युलेशनमध्ये तार नाही, म्हणून तिचं तापणं आणि निवणं वेगळं हिशेबात धरावं लागतं. नाहीतर पडद्यावरचे दिवे फडफडतात.

गुण दाखवणाऱ्या नारिंगी पडद्याचंही तसंच. तो १२८ गुणिले ३२ ठिपक्यांचा असतो आणि प्रत्येक ठिपका फक्त पेटतो किंवा विझतो. मधल्या छटा दाखवायला मेंदू चित्रं भराभर बदलतो आणि आपला डोळा त्यांची सरासरी काढतो. ती सरासरी आता प्रोग्रॅमला काढावी लागते.

हे काम चाहत्यांनी कंपन्यांच्या कितीतरी आधी हाती घेतलं. ‘मेम’ हा जुने व्हिडिओ गेम जपणारा प्रकल्प १९९७ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याच पायावर पिनबॉलसाठी ‘पिनमेम’ उभं राहिलं. पगार नसताना, सर्किटचे जुने नकाशे वाचत, एकेका चिपचं वागणं समजून घेत लोकांनी हे केलं. मला या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो.

## पण मेंदू म्हणजे मशीन नव्हे

व्हिडिओ गेमच्या बाबतीत इथे काम जवळपास संपतं, कारण त्या खेळातलं सगळं जग प्रोग्रॅममध्येच असतं. पिनबॉलमध्ये तसं नाही. रॉममध्ये चेंडूच नाही. फळीचा उतार, रबराची उसळी, फ्लिपरचा जोर, यांतलं काहीही त्या चिपवर लिहिलेलं नाही, कारण ते लिहायची गरजच नव्हती. निसर्गनियम फुकट मिळत होते.

म्हणून दुसरी गोष्ट बांधावी लागते, ती म्हणजे सिम्युलेशन. खऱ्या वस्तूंच्या हालचाली गणिताने पुन्हा घडवायच्या. गणितातला चेंडू गणितातल्या स्विचवर गेला की ती खबर इम्युलेशनमधल्या मेंदूला द्यायची, मेंदूने कॉइल उडवायला सांगितली की गणितातला फ्लिपर हलवायचा. मेंदू अस्सल, शरीर नकली, आणि मेंदूला ते कळता कामा नये.

आता वेगाचा प्रश्न घ्या. चेंडू सेकंदाला तीन मीटर वेगाने जातोय असं धरू. पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. म्हणजे दोन चित्रांमध्ये चेंडू ५ सेंटिमीटर पुढे जातो, त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या जवळजवळ दुप्पट. दर चित्रामागे एकदाच हिशेब केला, तर चेंडू एका चित्रात भिंतीच्या अलीकडे असेल आणि पुढच्या चित्रात पलीकडे. भिंतीला तो लागलाच नाही असं गणित म्हणेल. यासाठी ‘व्हिज्युअल पिनबॉल’सारखे प्रोग्रॅम हालचालींचा हिशेब सेकंदाला हजार वेळा करतात. तेव्हा कुठे चेंडू एका टप्प्यात तीन मिलिमीटरच सरकतो.

अशा हिशेबात बारीकशी गफलत झाली तर काय होतं, याचा किस्सा ‘स्पेस कॅडेट’चाच आहे. विंडोजची ६४-बिट आवृत्ती तयार होत असताना हा खेळ तिच्यावर आणायचा प्रयत्न झाला. मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी पुढे लिहिलं आहे की, सुरुवातीलाच चेंडू दांड्याजवळ येई आणि दांडा तिथे नाहीच अशा थाटात त्याच्यातून आरपार खाली पडे. अपूर्णांकांच्या हिशेबात कुठेतरी सूक्ष्म फरक पडत असावा असा त्यांचा अंदाज होता. मूळ कोड बाहेरच्या कंपनीने काही वर्षांपूर्वी लिहिलेला होता आणि तो आतून कसा चालतो हे मायक्रोसॉफ्टमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे विंडोज व्हिस्टामध्ये हा खेळ दिसलाच नाही.

सगळ्यात कठीण अवयव म्हणजे फ्लिपर. बटण दाबलं की कॉइलच्या जाड वेटोळ्यात वीज जाते आणि पट्टी फटकन उठते. ती वर पोचली की बारीक वेटोळं तिला तिथेच धरून ठेवतं, नाहीतर कॉइल जळेल. मुरलेले खेळाडू या उठण्याच्या काळातले काही सहस्रांश सेकंद वापरतात. चेंडू टेकायच्या नेमक्या क्षणी फ्लिपर उचलला, तर तो न उसळता पट्टीवर मरतो. याला ते लाइव्ह कॅच म्हणतात. सिम्युलेशनमध्ये फ्लिपर ‘खाली’ आणि ‘वर’ अशा दोनच अवस्थांत असेल, तर ही करामत जमणारच नाही. मशीनला हलका धक्का देऊन चेंडू वळवणं हा तर खेळाचा अर्धा आत्मा. धक्का जास्त झाला की आत लोंबणारा ओळंबा कड्याला टेकतो आणि मशीन ‘टिल्ट’ होऊन बंद पडतं. सपाट फोनवर तो धक्का द्यायचा कसा, याचं समाधानकारक उत्तर अजून कोणाकडे नाही असं माझं मत आहे.

## दोन मशिनं जवळून पाहू

‘द ट्वायलाइट झोन’ हे १९९३ चं मशीन. रचनाकार पॅट लॉलर. यात पाच चेंडू पोलादाचे आणि एक पांढरा, सिरॅमिकचा. तो हलका असल्यामुळे जास्त पळतो आणि लोहचुंबक त्याला ओढू शकत नाही. मशीनमध्ये तर फळीखाली चुंबक आहेत आणि वरच्या छोट्या फळीवर फ्लिपरऐवजी चुंबकानेच चेंडू उडवायचा असतो. समोर आलेला चेंडू धातूचा आहे की नाही, हे मेंदू एका संवेदकाला विचारतो. सिम्युलेशनला मग या एका चेंडूसाठी वेगळं वस्तुमान, वेगळी उसळी आणि चुंबकाशी वेगळं नातं ठेवावं लागतं, आणि संवेदकाने विचारलं की खरं उत्तर द्यावं लागतं. उत्तर चुकलं तर मेंदू साध्या चेंडूला पांढरा समजून भलतेच गुण देत सुटेल.

दुसरं मशीन ‘द ॲडम्स फॅमिली’, १९९२. हेही लॉलर यांचंच, लॅरी डेमार यांच्यासोबत केलेलं. २०,२७० नग विकले गेले आणि संगणकावर चालणाऱ्या पिनबॉलमध्ये तो विक्रम ठरला. त्यात एक सोय आहे: ठरावीक प्रसंगी एक फ्लिपर मशीन स्वतःच मारतं. नेम लागला की नाही हे ते नोंदवतं आणि पुढच्या वेळी क्षण थोडा पुढेमागे करतं. प्रत्येक मशीनचा उतार, झीज, कॉइलची ताकद वेगळी असणार हे रचनाकारांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मशीनला स्वतःपुरतं शिकायला लावलं.

इम्युलेशनमध्ये हाच १९९२ चा प्रोग्रॅम गणितातल्या चेंडूकडे पाहून आपला नेम सुधारत जातो. सिम्युलेशन खऱ्याच्या जवळ असेल तर तो सुधारतो, नसेल तर चुकतच राहतो. कोणत्याही समीक्षकापेक्षा ही परीक्षा मला जास्त विश्वासाची वाटते.

## आणि ज्यांना मेंदूच नाही?

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतची मशिनं संगणकाशिवाय चालत. रिले, फिरत्या चकत्या, मोटरवर चालणारे कॅम आणि टकटक फिरणारे गुणांचे आकडे. तिथे नक्कल करायला रॉमच नाही. सर्किटचा नकाशा वाचून सगळे नियम हाताने लिहावे लागतात. उलट टोकाला १९९९ ची विल्यम्सची शेवटची दोन मशिनं आहेत. त्यांत सरळ पीसीसारखा संगणक आणि फळीवर चित्र उमटवणारा मॉनिटर होता, त्यामुळे त्यांचं इम्युलेशन आणखी किचकट.

## आता कागदांकडे: सामायिक सातबारा

गावाकडची सामायिक जमीन विकायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, सातबाऱ्यावर नावं किती? चुलते, आत्या, वारलेल्या काकांची मुलं, त्यांतला एक परदेशात. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. जुन्या पिनबॉल मशीनचा सातबारा असाच लांबलचक असतो.

‘ट्वायलाइट झोन’ घ्या. मशीनचा प्रोग्रॅम, फळीवरची चित्रं आणि विल्यम्स-बॅली ही नावं एका कंपनीची. ती कंपनी २०१३ मध्ये सायंटिफिक गेम्सने विकत घेतली आणि २०२२ मध्ये सायंटिफिक गेम्सचंच नाव लाइट अँड वंडर झालं. मूळ दूरचित्रवाणी मालिकेचे हक्क वेगळ्यांकडे. मशीनच्या काचेवर मालिकेचे कर्ते रॉड सर्लिंग यांचा चेहरा, आणि ते १९७५ मध्येच वारले. पार्श्वसंगीतात गोल्डन इअरिंग या डच बँडच्या गाण्याची धून, तिचे हक्क आणखी कोणाकडे. १९९३ च्या करारात मोबाइल ॲपची सोय असणं शक्यच नव्हतं. म्हणून फारसाइटला २०१२ मध्ये सगळ्यांकडे पुन्हा जावं लागलं. परवान्यांच्या खर्चासाठी त्यांनी किकस्टार्टरवर चाहत्यांकडे ५५,००० डॉलर मागितले आणि चाहत्यांनी त्याहून जास्त दिले.

एवढ्या सह्या मिळूनही हातात येतं ते खरेदीखत नव्हे, मुदतीचा भाडेपट्टा. मुदत संपली आणि मालकाने दुसऱ्याला पट्टा दिला की पहिल्याने गाशा गुंडाळायचा. २०१८ मध्ये नेमकं हेच झालं. झेनने पहिल्या खेपेत आणली ती ‘फिश टेल्स’, ‘मिडीव्हल मॅडनेस’, ‘जंक यार्ड’ आणि ‘द गेटअवे’. यांतलं एकही चित्रपटावर वा मालिकेवर बेतलेलं नाही. सगळ्यांत गाजलेलं ‘ॲडम्स फॅमिली’ त्यांच्याकडे यायला २०२३ उजाडलं.

## “खेळाचे नियम कोणाच्या मालकीचे नसतात ना?”

बरोबर. अमेरिकन कायद्यात कॉपीराइट अभिव्यक्तीला मिळतो, खेळाच्या नियमांना नाही. यांत्रिक युक्त्यांवर पेटंट असतात, पण नव्वदच्या दशकातले पेटंट आता संपले आहेत. म्हणूनच कोणीही स्वतःचं पिनबॉल टेबल बनवू शकतो. झेनने कित्येक वर्षं तेच केलं.

पण लोकांना हवं आहे ते ठरावीक मशीन. त्या फळीवरचं चित्र, तो आवाज, गुण मिळाल्यावरचं ते वाक्य. ‘ॲडम्स फॅमिली’साठी चित्रपटातल्या राउल हुलिया आणि अँजेलिका ह्यूस्टन यांनी मशीनपुरते खास संवाद ध्वनिमुद्रित केले होते. ते संवाद त्या मशीनच्या रॉम चिपमध्येच आहेत.

इथेच यंत्राची आणि कायद्याची बाजू एकमेकांत अडकते. इम्युलेशन म्हणजे रॉम जशीच्या तशी चालवणं. जशीच्या तशी चालवली की तिच्यातला नटांचा आवाज, बँडची धून, ठिपक्यांच्या पडद्यावरचं चित्रपटातलं दृश्य, सगळं आपोआप सोबत येतं. नक्कल जितकी अस्सल, तितक्या सह्या जास्त. सह्या टाळायच्या तर रॉममध्ये फेरफार करायचा, आणि फेरफार केला की ते अस्सल उरत नाही. तंत्रज्ञान कितीही पुढे गेलं तरी हा पेच सुटत नाही, उलट घट्ट होतो.

## “मग नाव-चेहरा काढून टाका, खेळ तोच ठेवा”

काही वेळा हे करावं लागतं. झेननेही विल्यम्सच्या काही टेबलांवरच्या चित्रांत बदल केले होते, पण हक्कांमुळे नव्हे, तर लहान मुलांना चालेल असं वयोमानांकन टिकवण्यासाठी. चाहत्यांनी जोरदार नापसंती कळवली आणि पीसीवर मूळ चित्रांची सोय करून देण्यात आली. बदल किरकोळ होते, तरी लोक एवढे का दुखावले? पिनबॉलमध्ये चित्र म्हणजे वरचा रंग नसतो. कुठे नेम धरायचा हे खेळाडू चित्रावरून शिकतो, आणि पुढे काय घडणार हे आवाजावरून ओळखतो, कारण चेंडूवरची नजर हटवून वर पाहायला त्याला सवड नसते. आवाज बदलला की खेळ बदलतो.

## “इतकं जुनं झालं, आता तरी मोकळं करा”

अमेरिकेत कंपनीसाठी केलेल्या कामावरचा कॉपीराइट प्रकाशनापासून ९५ वर्षं टिकतो. १९९२ चं मशीन २०८७ च्या अखेरीस मोकळं होईल. ट्रेडमार्क तर वापरात असेपर्यंत संपतच नाही.

मशीन मात्र इतकी वर्षं थांबणार नाही. नव्वदच्या दशकातल्या विल्यम्सच्या बोर्डवर आठवण शाबूत ठेवण्यासाठी तीन पेन्सिल सेल असतात. वेळेत बदलले नाहीत तर ते गळतात आणि आतला क्षार बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. रबर कडक होतं, फळीवरचा रंग चेंडूच्या वाटेवर झिजतो. उरलेल्या मशिनांची संख्या दरवर्षी कमीच होत जाणार. काही निवडक मशिनं शिकागो गेमिंग कंपनीने परवाना घेऊन नव्याने लाकूड-लोखंडात बनवली आहेत, ‘मिडीव्हल मॅडनेस’ त्यातलंच. पण ती हजारो डॉलरची वस्तू आहे.

## “मी पैसे भरून घेतलं, मग ते माझंच ना?”

ॲपमध्ये ‘विकत घ्या’ असं लिहिलेलं असलं, तरी तुम्हाला मिळते ती वापरायची परवानगी. परवाना संपल्यावर आधीच्या ग्राहकांना खेळू देण्यात आलं ही चांगली गोष्ट झाली. पण ॲप नव्या फोनवर, नव्या आवृत्तीवर चालत राहण्यासाठी कोणीतरी त्याची निगा राखावी लागते. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ आणलं तेव्हा ज्या ३२-बिट ॲपना कोणी वाली नव्हता ती सगळी एका रात्रीत बंद पडली. जे टेबल आता विकताच येत नाही, त्याच्या डागडुजीवर कंपनी किती वर्षं खर्च करेल?

## “मग चाहते करतात ती चोरी का?”

इम्युलेटर बनवणं आणि रॉम वाटणं या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. दुसऱ्या यंत्रासारखं वागणारा प्रोग्रॅम स्वतःच्या अकलेने लिहिणं बेकायदा नाही, हे अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २००० मध्ये सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात मान्य केलं. रॉममधला मजकूर मात्र कोणाच्या तरी मालकीचा आहे आणि परवानगीशिवाय तो वाटणं कॉपीराइटचा भंगच. ‘पिनमेम’ आणि ‘व्हिज्युअल पिनबॉल’ वापरणारे हजारो लोक या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहेत.

हक्क असू नयेत असं मी म्हणत नाही. लॉलर, डेमार आणि त्यांच्यासोबतच्या चित्रकारांनी, संगीतकारांनी जे केलं त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे, आणि फारसाइट, झेन यांनी पैसे मोजून सरळ मार्गाने ही मशिनं लोकांपर्यंत नेली हे मोलाचं आहे. माझा आक्षेप मुदतीला आहे. चार-सहा वर्षांनी संपणारा आणि संपताच सगळं काम गुंडाळायला लावणारा पट्टा कोणाच्याच हिताचा नाही. एक कंपनी खरं मशीन मिळवते, सुटं करते, फळी स्कॅन करते, चेंडू नीट वळेपर्यंत महिनोन्‌महिने घालवते. पट्टा संपतो. दुसरी कंपनी तेच काम पुन्हा पहिल्यापासून करते. मालकाने परवाना देताना एवढी अट घातली तरी पुरे, की तयार झालेलं डिजिटल मशीन विक्रीतून गेलं तरी त्याची एक चालती प्रत एखाद्या संग्रहालयाकडे राहील. खेळ जपणाऱ्या संस्थांनी अमेरिकेत याहून थोडी वेगळी मागणी केली होती: विक्रीत नसलेले जुने व्हिडिओ गेम ग्रंथालयांनी संशोधकांना दूरवरून, इंटरनेटवर पाहू द्यावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ती फेटाळली. म्हणजे अभ्यासकाला आजही प्रवास करून त्या इमारतीतच जावं लागतं.

खऱ्या मशीनवर हात ठेवायचा असेल तरी प्रवास आहेच. कॅलिफोर्नियात बे एरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना अलामेडाचं पॅसिफिक पिनबॉल म्युझियम जवळ पडतं, आणि युरोपात असाल तर झेनच्याच गावात, बुडापेस्टला, पिनबॉलचं संग्रहालय आहे. दोन्हीकडे मशिनं काचेआड ठेवलेली नाहीत, ती खेळायला दिलेली आहेत. आधी काही दिवस ॲपवर एखादं टेबल खेळून मग तेच तिथे सापडलं तर जरूर खेळा. मेंदू दोन्हीकडे एकच असेल, त्यामुळे जो काही फरक हाताला जाणवेल तो लाकडाचा, रबराचा आणि कॉइलचा.